सोनोग्राफी शिकायची आहे, पण कुठे आणि कशी?

बारावी सायन्सचा निकाल लागला की देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली या पट्ट्यातल्या घराघरांत एकच हिशेब मांडला जातो. नीटचे मार्क सरकारी एमबीबीएसला पुरत नाहीत. खासगी कॉलेजची फी ऐकूनच बाप गप्प होतो. नुसतं बीएस्सी करून पुढे काय, हे नीट सांगणारं कोणी भेटत नाही. अशा वेळी ‘सोनोग्राफीचा कोर्स’ हा विषय निघतो. कोणी जालन्याला किंवा संभाजीनगरला तसा बोर्ड पाहिलेला असतो. कोणाच्या नात्यातली मुलगी लग्नानंतर अमेरिकेत गेलेली असते, तिथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन-अडीच वर्षं शिकून सोनोग्राफर झालेली असते आणि स्वतः यंत्राचा प्रोब (त्वचेवर फिरवायचा भाग) हातात धरून पेशंट तपासते. तिला जमलं, मग आपल्या पोरीला इथे राहून का जमू नये, असं आईबापांना वाटतं.

हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र फी भरण्याआधी कळायला हवं: भारतात डॉक्टर नसलेल्या माणसाला सोनोग्राफी करता येत नाही. इथे प्रोब फक्त पात्र आणि नोंदणीकृत डॉक्टरच्याच हातात असावा लागतो. त्यामुळे ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ नावाचा डिप्लोमा कोणी विकत असेल, तर त्या कागदाच्या जोरावर तुम्हाला प्रोब धरण्याचा अधिकार मिळत नाही, मग कोर्स सहा महिन्यांचा असो वा दोन वर्षांचा.

असं का, हे समजून घ्या, कारण या बंदीमागे आपल्याच राज्याचा इतिहास आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या चळवळीमुळे १९८८ साली तो कायदा आला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. अंमलबजावणी कागदावरच राहिली म्हणून सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्याला आजचं रूप आलं. आपण सगळे ज्याला पीसीपीएनडीटी म्हणतो तो हाच. एवढं होऊनही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. आपला बुलढाणा जिल्हा तर राज्याच्या सरासरीच्याही खाली होता. जिजाऊंचं जन्मस्थान असलेल्या सिंदखेड राजापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्याला हा आकडा टोचायला हवा. मला तो टोचतो. म्हणून ‘कायद्याने उगीच अडवलं आहे’ असं कोणी म्हणालं की मी ते मान्य करत नाही.

कायद्याच्या व्याख्येत बसणारा डॉक्टर म्हणजे आधुनिक वैद्यकाची मान्यताप्राप्त पदवी असलेला आणि राज्याच्या वैद्यक परिषदेत नाव नोंदवलेला डॉक्टर. त्याच्याकडे रेडिओलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण किंवा सोनोग्राफीचं विहित प्रशिक्षण हवं. एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम २०१४ साली आले. बीएएमएस आणि बीएचएमएस या व्याख्येत येत नाहीत. यंत्रही नोंदणीशिवाय विकता येत नाही, विकत घेता येत नाही. मशीन फक्त पोटासाठी वापरतो, गरोदर बाई आम्ही तपासतच नाही, असं सांगून सुटका होत नाही, कारण नोंदणी यंत्राची आणि केंद्राची असते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेत, तेवढं दोन पेशंटचं तूच उरकून घे, असं सांगणारा मालक तुमच्यावर उपकार करत नसतो. विशीतल्या मुलाच्या गळ्यात तो पोलीस केस अडकवत असतो.

एवढं वाचून विषय सोडून देऊ नका. शरीराच्या आत डोकावून पाहण्याच्या या विद्येत डॉक्टर न होताही मोठं, सन्मानाचं काम आहे. फक्त दार दुसरं आहे.

आपल्या राज्यात ते दार म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम. त्यात रेडिओग्राफीची शाखा घ्यायची. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. तीन वर्षं शिक्षण आणि त्यानंतर इंटर्नशिप. काही विद्यापीठं हेच शिक्षण बीएस्सी रेडिओग्राफी किंवा मेडिकल इमेजिंग या नावांनी देतात. यात एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय, मॅमोग्राफी, किरणांपासून बचाव, शरीररचना हे सगळं येतं. सोनोग्राफीचं भौतिकशास्त्र आणि पेशंटची तयारीही शिकवतात. नोकरीत एक्स-रे आणि सीटी स्वतः काढता, एमआरआयच्या खोलीत पेशंटला तुम्हीच झोपवता, प्रतिमा तुम्हीच मिळवता. निदानाचा रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितो, पण प्रतिमा हलली किंवा कोन चुकला तर त्याच्या हाती काही लागत नाही. एक्स-रेच्या कामावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. पात्र माणसाशिवाय यंत्र चालवता येत नाही, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज असावा लागतो. कॉलेज पाहायला गेलात तर तिथल्या एक्स-रे खोलीतल्या कर्मचाऱ्याच्या खिशाकडे नजर टाका. बॅज नसेल तर त्या संस्थेबद्दल आणखी काही विचारण्याची गरज नाही.

२०२१ साली केंद्राने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात रेडिओलॉजी आणि इमेजिंगच्या गटात डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफर हे नावही आलं आहे. काही संस्था आता हाच दाखला दाखवून प्रवेश देतील, तेव्हा सावध राहा. यादीत नाव असणं वेगळं आणि प्रोब धरण्याची परवानगी असणं वेगळं. पीसीपीएनडीटी कायदा आजही तसाच उभा आहे आणि तो बदलेल या आशेवर आज फी भरायची नसते. त्याच २०२१ च्या कायद्याने एक चांगली कसोटी मात्र दिली आहे: सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचं शिक्षण हवं. सहा महिन्यांचा, शनिवार-रविवारचा कोर्स त्यात बसतो का, हे तुम्हीच मोजा.

संस्था पारखताना लाजू नका. पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे तोंडी नको, कागदावर मागा आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत ते नाव शोधा. राज्याच्या पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, ते विचारा. शिकवायला स्वतःचं रुग्णालय आहे, की कुठल्या तरी खासगी सेंटरमध्ये नुसतं उभं राहायला पाठवतात? सीटी, एमआरआय तिथेच आहे का? गेल्या वर्षीचे विद्यार्थी आज कुठे काम करतात, त्यातल्या दोघांशी फोनवर बोलायला मिळेल का? दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं कोणी ठेवून घेत असेल तर प्रवेश घेऊ नका. आणि ‘तुम्हाला सोनोग्राफी स्वतः करायला शिकवू’ असं आश्वासन मिळालं, तर तिथून उठून सरळ घरी या.

देऊळगाव राजाच्या मुलांना एक सोय आहे. जालना जेमतेम तासाभरावर, तिथून संभाजीनगर. जालना आणि बुलढाणा दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत, त्यांचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला झालं. एखाद्या दिवशी एसटीने संभाजीनगरला जा आणि घाटी या सरकारी रुग्णालयात रेडिओलॉजी विभागाबाहेरच्या बाकावर तास-दोन तास बसून पाहा. ट्रॉल्या येतात, अपघाताचे पेशंट येतात, भांबावलेले नातेवाईक येतात, आणि एक टेक्निशियन शांतपणे एकेकाला आत घेत असतो. हे काम आपल्याला आवडेल का, ते तिथे कळतं. माहितीपत्रकात कळत नाही.

फीचा विचार करताना महाडीबीटीवरच्या योजना आधी पाहा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. इतर गटांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षणशुल्क योजना आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. तुमचा अभ्यासक्रम आणि कॉलेज या योजनांत बसतं का, हे प्रवेशाआधी कॉलेजच्या कार्यालयात विचारून लेखी घ्या. आपल्याकडे कितीतरी घरांची फी शेडनेटमध्ये कंपनीसाठी पिकवलेल्या बियाण्याच्या पैशावर अवलंबून असते आणि ते पैसे कंपनीकडून केव्हा येतील याचा भरवसा नसतो. म्हणून उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेअर ही कामं निकालाची वाट न पाहता तहसीलमधून आधीच उरकून ठेवा.

आता परदेशातल्या वाटेकडे येतो, कारण अर्ध्या घरांत मूळ स्वप्न तेच असतं.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालवलेलं, तुलनेने कमी फीचं, दोन वर्षांच्या पदवीचं सार्वजनिक कॉलेज. न्यू जर्सीतलं बर्गन कम्युनिटी कॉलेज, कॅलिफोर्नियातलं फूटहिल कॉलेज अशा ठिकाणी डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफीचे अभ्यासक्रम आहेत, आणि या दोन्ही भागांत मराठी कुटुंबं भरपूर आहेत. तिथे सोनोग्राफर प्रतिमा घेतो, मोजमापं घेतो, प्राथमिक निरीक्षणं लिहितो. अंतिम रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देतो. कामाला मान आहे आणि पगारही चांगला: अमेरिकी सरकारच्या आकडेवारीत २०२२ सालचा मध्यम वार्षिक पगार ८० हजार डॉलरच्या वर होता.

पण देऊळगाव राजाहून थेट विद्यार्थी व्हिसावर जाऊन हे शिकायचा बेत असेल तर पुढचं नीट वाचा. काही कॉलेजांत हे वर्ग परदेशी विद्यार्थ्यांना बंदच असतात, कारण रुग्णालयांतल्या प्रशिक्षणाच्या जागा मोजक्या असतात. प्रवेश मिळाला तरी दोन वर्षांच्या पदवीनंतर साधारण एक वर्ष काम करता येतं. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हवा तर ती नोकरी किमान चार वर्षांची पदवी लागणारी असावी लागते, आणि सोनोग्राफरच्या नोकरीला सहसा दोन वर्षांची पदवी पुरते. त्यामुळे ती वाट तिथेच अडते. राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी असते, या पदवीसाठी नसते. शेत गहाण टाकून या वाटेवर पाठवणाऱ्या आईबापांना एजंट हे सांगत नाही.

मग कम्युनिटी कॉलेज कोणासाठी? जी मुलगी लग्नानंतर तिथे राहायला गेली आहे किंवा जाणार आहे, जिच्या नवऱ्याचा व्हिसा किंवा ग्रीन कार्डाची वाट ठरलेली आहे, तिच्यासाठी ही फार चांगली संधी आहे. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवरच्या नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं. काम करायला वेगळी परवानगी लागते. ती २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना मिळते, पण नवऱ्याची ग्रीन कार्डाची पायरी ठरावीक टप्प्यावर आलेली असेल तरच. शिक्षण संपेल तेव्हा ही परवानगी हातात असेल का, हा हिशेब पहिल्या सेमिस्टरआधीच दोघांनी बसून करायचा.

अशा मुलीला माझं पहिलं सांगणं: विमानात बसण्याआधी अमरावतीला जा. बुलढाणा जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. तुमच्या बीएस्सीच्या गुणांच्या ट्रान्सक्रिप्ट तिथून, सीलबंद लिफाफ्यात, जास्तीच्या प्रतींसह घेऊन ठेवा. परदेशात बसून भावाला विद्यापीठाच्या खिडकीवर हेलपाटे घालायला लावण्यापेक्षा हे किती तरी सोपं. तिकडे गेल्यावर त्या गुणांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. पूर्वअट म्हणून मानवी शरीररचना आणि शरीरक्रिया प्रयोगासह, फिजिक्स, बीजगणित किंवा संख्याशास्त्र आणि वैद्यकीय परिभाषा हे विषय लागतात. विज्ञानाचे जुने विषय बऱ्याच कॉलेजांत पाच-सात वर्षांनंतर ग्राह्य धरत नाहीत, म्हणजे ते पुन्हा करावे लागतात. जागा थोड्या आणि अर्ज खूप, म्हणून या विषयांत चांगली श्रेणी मिळवणं हाच खरा प्रवेश असतो. पुढे रुग्णालयात महिनोन्‌महिने बिनपगारी प्रशिक्षण. लहान मूल घरी असेल तर त्या काळात कोण सांभाळणार हे आधी ठरवा. सासू किंवा आई सहा महिन्यांसाठी येणार असेल तर ते सहा महिने प्रशिक्षणाच्या काळातच यावेत अशी आखणी करा.

कॉलेज निवडताना तिथल्या सोनोग्राफी अभ्यासक्रमाला सीएएएचईपीची मान्यता आहे का हे पाहाच. ती असली की एआरडीएमएस या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या परीक्षांना बसणं सोपं जातं: आधी सोनोग्राफीची तत्त्वं आणि यंत्र यांवरची परीक्षा, मग पोट, स्त्रीरोग-प्रसूती, हृदय किंवा रक्तवाहिन्या यांपैकी एखाद्या शाखेची. बहुतेक राज्यांत सरकारी परवाना लागत नाही, पण रुग्णालयं हे प्रमाणपत्र मागतातच.

इंग्लंडची रीत आणखी वेगळी आहे. तिथे सोनोग्राफर बहुधा आधी रेडिओग्राफर किंवा सुईण झालेला असतो आणि मग पदव्युत्तर अभ्यासक्रम करतो. म्हणून आपल्याकडची चार वर्षांच्या तोडीची रेडिओग्राफीची पदवी आणि दोन-तीन वर्षांचा सीटी-एमआरआयचा अनुभव घेऊन, तिथल्या एचसीपीसी या नोंदणी संस्थेकडे रेडिओग्राफर म्हणून नोंदणीचा अर्ज करणं ही आपल्या मुलांसाठी मला सर्वांत प्रामाणिक वाट वाटते. नोकरीत स्थिरावल्यावर रुग्णालयच कधी कधी सोनोग्राफीच्या शिक्षणाला पाठवतं. आखाती देशांसाठी ‘दोन वर्षांचा सोनोग्राफीचा अनुभव’ असं पत्र तयार करून देणारे एजंट आपल्याकडे फिरतात. ते पत्र खोटंच असणार, कारण इथे टेक्निशियनला तसा अनुभव कायद्याने मिळूच शकत नाही. आणि तिकडे कागदपत्रांची पडताळणी थेट रुग्णालयाला विचारून होते.

इथे असो वा तिथे, ही विद्या नेमकी काय मागते, ते एका साध्या तपासणीत पाहू. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणून बाई आली आहे. सहा-आठ तास उपाशी असायला सांगितलेलं असतं, कारण जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावतं आणि नीट दिसत नाही. त्वचेवर जेल लावतात, कारण प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनिलहरी तिथूनच परत फिरतात. ‘श्वास आत घ्या, धरून ठेवा’ म्हटल्यावर यकृत खाली सरकतं आणि बरगडीआडचं पित्ताशय दिसायला लागतं. काळ्या पोकळीत एक पांढरा ठिपका दिसतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडलेली असते. हा खडा की भिंतीला चिकटलेली गाठ? बाईला डाव्या कुशीवर वळवायचं. खडा घरंगळतो, गाठ जागची हलत नाही. मऊ ऊतींत आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, लहर परत यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र खोली काढतं. अकरावी-बारावीच्या फिजिक्समधला ध्वनीचा आणि डॉप्लरचा धडा इथे रोज लागतो. हात मात्र शेडनेटमध्ये मिरचीच्या फुलाचं क्रॉसिंग करणाऱ्या बाईसारखा हवा: दाब नेमका, घाई नाही, आणि शंभराव्या वेळीही पहिल्याइतकाच काळजीचा. याच कामात खांदा आणि मनगट कायमचं दुखायला लागतं, ही या पेशातली जगभरची तक्रार आहे. खुर्चीची उंची, पेशंटला जवळ घेणं, कोपर अंगालगत ठेवणं या सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्या लागतात.

आपल्याकडच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये टेक्निशियन किंवा सहायक म्हणून नोकरी मिळाली, तर तुमचं काम प्रोबच्या अलीकडचं असेल: पेशंटची तयारी, चिठ्ठी आणि ओळखपत्र तपासणं, एफ फॉर्म भरणं. हे दुय्यम समजू नका. त्या फॉर्मवर गरोदर बाई लिहून देते की मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही, आणि डॉक्टर लिहून देतो की मी ते सांगणार नाही. हे कागद दोन वर्षं जपून ठेवावे लागतात. फॉर्ममध्ये तारीख किंवा सही राहिली तरी केंद्र अडचणीत येतं. बाईला वाचता येत नसेल तर तो मजकूर तिला मराठीत वाचून दाखवा, अंगठा आधी आणि वाचन नंतर असं होऊ देऊ नका. सोबतची सासू बाहेर गाठून ‘ताई, जरा खूण करून सांगा ना’ म्हणेल. शब्दाने, खुणेने, कशानेही सांगणं हा गुन्हाच आहे, आणि तो विचारणाऱ्यालाही लागू होतो.

बारावीचं वर्ष सुरू असेल तर आत्ता फिजिक्स आणि बायॉलॉजीचे मार्क, इंग्रजी वाचनाची सवय आणि तहसीलचे दाखले या तीन गोष्टी हातात घ्या. निकालानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची प्रवेशसूचना पाहा, कारण प्रवेशाचे नियम बदलत राहतात आणि गेल्या वर्षीच्या मित्राचं ऐकून अर्ज चुकतो. नीट दिली असेल तर त्या गुणपत्रकाचीही प्रत फाईलमध्ये ठेवा.